आडनांवाचें नातें व रक्ताचें नातें

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत रामटेक येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीचा प्रसंग आला म्हणजे मागील पिढ्यांची आठवण निघते, आणि ती निघाली कीं "आपण मूळचे कोठचे?" हा प्रश्न ओघानेंच येतो. पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर आजोबा देत, किंवा बाप्तिस्म्याची नोंदवही देत असे. हल्लीं आणखी एक साधन निघालें आहे. गालाच्या आंतून एक लहानसा बोळा फिरवावा, अथवा नळींत लाळ घालावी, ती डबी टपालानें पाठवावी, आणि कांहीं आठवड्यांनीं आपल्या आडनांवाचे कोण कोण लोक आपले रक्ताचे भाऊबंद आहेत याची यादी घरबसल्या पाहावी. हिला डी. एन. ए. परीक्षा म्हणतात. तरुण मंडळींना तिचें मोठें आकर्षण वाटतें, व वडील मंडळींना थोडी धास्ती वाटते. दोघांचेंही वाटणें अकारण नाहीं. ती परीक्षा खोटी नव्हे. परंतु आमच्यासारख्यांच्या आडनांवांस ती लावूं गेल्यास काय हातीं येईल, याचा विचार आधीं केला पाहिजे. आजचा विषय एवढाच.

प्रथम परीक्षेचें मर्म सांगतों. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतील एका जोडीवरून पुरुष कीं स्त्री हें ठरतें. पुरुषाच्या ठायीं त्या जोडींत जें 'वाय' नांवाचें गुणसूत्र असतें, तें त्यास केवळ बापाकडून मिळतें. बापास आजाकडून, आजास पणजाकडून. आडनांवही आमच्याकडे बहुधा याच वाटेनें चालत येतें. म्हणून या दोघांची गांठ घालून पाहावी, अशी कल्पना संशोधकांच्या मनांत आली. जुन्या काळीं पोथीची नक्कल करणारा लेखक क्वचित् एखादें अक्षर चुकवी, आणि पुढील सर्व नकला ती चूक इमानानें उतरवून घेत. दोन पोथ्यांत त्याच त्या चुका आढळल्या, तर त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असें जाणते लोक ओळखतात. वाय गुणसूत्राचेंही तसेंच आहे. बापाकडून मुलाकडे येतांना त्याची नक्कल जवळजवळ तंतोतंत होते. परंतु पिढ्यांमागून पिढ्या जातां जातां एखाद्या ठिकाणीं लहानसा फरक पडतो व तो पुढें चालू राहतो. परीक्षक अशा ३७ किंवा १११ ठिकाणच्या खुणा मोजतात. ३७ पैकीं सर्व किंवा एकदोन सोडून सर्व जुळल्या, आणि आडनांवही एकच असलें, तर कांहीं शतकांच्या आंत दोघांचा मूळ पुरुष एक होता असें मानण्यास बळकट आधार मिळतो. केवळ १२ खुणा जुळल्या म्हणून भाऊबंदकीचा गाजावाजा करणाऱ्याचें मात्र ऐकूं नये. तेवढ्या तर परस्परांशीं कांहींएक संबंध नसलेल्या माणसांतही जुळतात.

ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनीं आपल्याच आडनांवाच्या ४८ पुरुषांची अशी परीक्षा केली. तिचा निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्याच्या आसपास साइक्स एकाच वंशाचे निघाले, उरलेले निरनिराळ्या वंशांचे. पुढें २००९ मध्यें लेस्टर विद्यापीठांतील टुरी किंग व मार्क जॉब्लिंग यांनीं ४० इंग्रजी आडनांवांच्या १,६७८ पुरुषांवर हेंच काम केलें. ॲटनबरो यासारख्या विरळ आडनांवाचे बहुतेक पुरुष एका मूळ पुरुषाकडे जातात असें दिसलें. स्मिथ, म्हणजे आपला लोहार, या आडनांवांत तशी एकी दिसली नाहीं. यांत नवल तें काय? लोहार गांवोगांव होता. आमच्याकडील पाटील, जोशी, कुळकर्णी, देशमुख यांची हीच गोष्ट. आडनांव वृत्तीचें अथवा अधिकाराचें असलें म्हणजे तें जितक्या गांवीं उगवलें तितके त्याचे मूळ पुरुष.

आतां घरचेंच उदाहरण घेऊं. 'रामटेके' हें आडनांव विदर्भांत ठिकठिकाणीं आढळतें. तें या गांवावरून पडलें हें उघड आहे. परंतु थोडा विचार करा: जो रामटेकांतच राहिला त्यास रामटेके कोण म्हणणार? येथें तर सगळेच रामटेकचे! जो येथून उठून भंडाऱ्याकडे किंवा चांद्याकडे पोट भरावयास गेला, त्यास तिकडच्या लोकांनीं हें नांव दिलें. आज एक घर उठलें, पन्नास वर्षांनीं दुसरें, तें निराळ्या आळींतलें, कदाचित् निराळ्या जातीचें. दोघांच्याही नातवंडांच्या नांवापुढें शाळेच्या पटावर रामटेके हेंच लागलें. अशा दोन रामटेक्यांचीं वाय गुणसूत्रें जुळलीं नाहींत, तर त्यांत कोणाच्या आजीच्या शीलास बट्टा लागत नाहीं. आडनांवानें त्यांस गांव एक असल्याचें सांगितलें होतें, बाप एक असल्याचें कधींच सांगितलें नव्हतें.

आमच्या वाडवडिलांस हें पक्कें ठाऊक होतें. सोयरीक जुळवितांना ते आडनांवावर थांबत नसत. कोणी गोत्र विचारी, कोणी कुळ, कोणी देवक. या मुलखांतील गोंड लोकांत तर सात देवांचे, सहा देवांचे असे गट असून एका गटाच्या घराण्यांनीं आपसांत लग्न करूं नये असा दंडक आहे. त्यांचीं मडावी, उईके, मरकाम हीं नांवें खरोखर कुळनांवें आहेत, आणि इंग्रजांच्या आडनांवांपेक्षां तीं या परीक्षेस अधिक योग्य ठरावीं असें मला वाटतें.

गांवावरून पडलेल्या आडनांवांचें अत्यंत बोधप्रद उदाहरण कोंकणांतील बेने इस्रायल लोकांचें आहे. हे मराठी बोलणारे यहुदी. पेणकर, रोहेकर, नवगांवकर, केहीमकर अशीं त्यांचीं आडनांवें, सारीं पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांतील गांवांचीं. केवळ आडनांवें वाचणारा त्यांस अस्सल कोंकणे ठरवील. त्यांच्या डी. एन. ए.चा जो अभ्यास २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत असें दिसलें कीं त्यांच्या रक्तांत पश्चिम आशियांतील यहुदी व या देशांतील लोक या दोहोंचा अंश आहे. बाहेरून आलेले पूर्वज मुख्यतः पुरुष होते, स्त्रिया मुख्यतः येथल्या, आणि हा संगम सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं झाला. म्हणजे आडनांव खोटें बोललें काय? मुळींच नाहीं. पेणकर हे पेणचेच. आडनांव वस्तीची साक्ष देतें, गुणसूत्र पूर्वजांची. आणि दोघांच्या साक्षी निरनिराळ्या काळच्या आहेत.

येथून आपल्याच समाजाकडे वळणें सोपें जातें. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवा घेतलें. वसईचा मुलूख १५३४ पासून चिमाजी आप्पांनीं तो १७३९ त जिंकीपर्यंत त्यांजकडे होता. या दोन्ही प्रांतीं ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला, त्यांस नवें नांव मिळालें आणि त्यासोबत आडनांवही. तें कधीं धर्मपित्याचें असे, कधीं स्नानसंस्कार करणाऱ्या धर्मगुरूचें, कधीं एखाद्या पोर्तुगीज अंमलदाराचें. एकाच दिवशीं बाप्तिस्मा घेतलेलीं परस्परांशीं नातें नसलेलीं अनेक घरें एकाच आडनांवाचीं झालीं. उलट, दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते निराळे, म्हणून एक भाऊ डिसूझा व दुसरा परेरा, असेंही होऊं शकलें. तेव्हां जगांतील सर्व डिसूझांची परीक्षा करून मूळ डिसूझा शोधण्याचा उद्योग म्हणजे वाळूंतून तेल काढण्यासारखा आहे. लिस्बनकडील सूझा घराण्याशीं आपलें रक्त जुळेल अशी ज्यांस गोड आशा असेल, त्यांनीं तर ती सोडूनच द्यावी.

गोव्यांत याहून बळकट असा एक पुरावा आहे, आणि तो वृद्ध गोंयकारांस ठाऊक असतो. गांवकरींत प्रत्येक गांवाचे 'वांगड' असतात. वांगड म्हणजे मूळ वसाहत करणाऱ्या पुरुषाचा वंश; गांवकरीचा हक्क त्यांत बापाकडून मुलाकडे जातो. बाप्तिस्म्यापूर्वींची ही व्यवस्था बाप्तिस्म्यानंतरही टिकली. म्हणून ज्यास खरोखर शास्त्रीय जिज्ञासा असेल, त्यानें आडनांव धरून न जातां वांगड धरून जावें: एका वांगडांतील निरनिराळ्या आडनांवांचे चार पुरुष घ्यावे आणि त्यांचीं गुणसूत्रें ताडून पाहावीं.

समाजाच्या समग्र मुळाविषयीं एक मोठा अभ्यास झाला आहे. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या व इतर संशोधकांनीं गोवा, कुमठा व मंगळूर येथील ११० रोमन कॅथॉलिकांची तपासणी केली. ती २०२१ त प्रसिद्ध झाली. या लोकांचें रक्त याच देशाचें, व त्यांचें सर्वांत जवळचें साम्य आर्यभाषा बोलणाऱ्या गटांशीं, विशेषतः ब्राह्मणांशीं, असें त्यांत आढळलें. यहुद्यांशीं संबंधाची एक पुसट खूणही मिळाली. हा अभ्यास प्रसिद्ध होतांच, "पाहा, आम्ही मूळचे सारस्वत," असें म्हणण्याची सोय झाली. या म्हणण्याविषयीं मला स्पष्ट बोलावेंसें वाटतें. ११० माणसांची सरासरी हा कोणा एका घराण्याचा दाखला नव्हे. त्या सरासरींत ज्यांचे पूर्वज शेतकरी, कोळी, भंडारी, मजूर होते, तेही आहेत. आणि वाय गुणसूत्राच्या ज्या एका मोठ्या शाखेचा यासंबंधीं डांगोरा पिटतात, ती आर-एक-ए नांवाची शाखा पोलंडपासून बंगालपर्यंत पसरलेली असून कित्येक सहस्र वर्षांची आहे. ती दोघांत सांपडली म्हणून कोणी कोणाचा चुलता होत नाहीं. ज्या पंक्तींतून उठून आपले पूर्वज एका मेजाशीं बसले, त्या पंक्तींचे पाट पुन्हां मांडण्यासाठीं प्रयोगशाळेचा दाखला आणावा, यापरतें विपरीत काय असावें!

विदर्भांतील कॅथॉलिक लोक तर अनेक वाटांनीं येथें आले. १८२१ मध्यें कामठीची छावणी वसली; तींत मद्रास पलटणींचे तामिळ शिपाई होते व त्यांत कॅथॉलिकही होते. तामिळ लोकांत आडनांव नसे. बापाचें नांव हीच ओळख. पुढें त्यांच्या नातवांच्या नांवापुढें अंतोनी, जोसेफ, फ्रान्सिस हींच आडनांवें म्हणून कायम झालीं. १८६७ त नागपुरास आगगाडी आली, आणि रेल्वेच्या नोकरीबरोबर गोव्याकडील कुटुंबेंही येऊं लागलीं. ज्यांनीं येथल्या येथें धर्मदीक्षा घेतली त्यांचीं मेश्राम, वानखेडे, गायकवाड हीं नांवें तशींच राहिलीं. अशा समाजांत दोन 'फ्रान्सिस' एकमेकांचे भाऊबंद आहेत कीं काय हें पाहण्यास गुणसूत्राची आवश्यकताच नाहीं. ते नाहींत, हें गृहीत धरून चालावें, व नातें निघालें तर आनंद मानावा.

येथवर आडनांव एक असून रक्त निराळें, असे प्रकार पाहिले. पण वंशाचा धागा मध्येंच तुटतो तो प्रकार निराळा, आणि जिव्हाळ्याचा. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचीं हाडें २०१२ मध्यें लेस्टर येथें सांपडलीं. बहिणीच्या बाजूनें, म्हणजे केवळ आईकडून मुलीकडे अशा वाटेनें, त्याच्या कुळाचा डी. एन. ए. हयात वंशजांशीं जुळला. परंतु वंशावळीप्रमाणें ज्या पुरुषांचें वाय गुणसूत्र जुळावयास हवें होतें, त्यांचें जुळलें नाहीं. कोठें तरी एका पिढींत कागदावरचा बाप व खरा बाप निराळे होते. विलायतेंत याची मोठी कुजबूज झाली. आपण मात्र तेवढ्यानें डोळे वटारण्याचें कारण नाहीं, कारण आमच्याकडे 'दत्तक' हा राजमान्य व लोकमान्य प्रकार आहे. ज्या नागपूरकर भोसल्यांचा आश्रय येथील गडावरच्या देवस्थानास होता, त्यांचेंच पाहा. आप्पासाहेबांस इंग्रजांनीं पदच्युत केल्यावर १८१८ मध्यें गादीवर बसलेले तिसरे रघूजी हे दुसऱ्या रघूजींच्या कन्येचे पुत्र होते; नांव भोसल्यांचें, परंतु पितृपरंपरा जांवयाच्या घराण्याची. कोल्हापूरचे शाहू महाराज जन्मानें कागलचे घाटगे. १८८४ मध्यें ते दत्तक आले व भोसले झाले. त्यांचें भोसलेपण कोणी खोटें म्हणेल काय? वाय गुणसूत्र मात्र त्यांस घाटगेच म्हणेल.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायांत जी वंशावळ आहे, ती अब्राहामापासून निघून संत योसेफापाशीं येते, आणि तेथें तिची भाषा बदलते. योसेफ हा मरियेचा पति, एवढेंच तेथें म्हटलें आहे. दाविदाचा वंश पुत्राकडे आला तो रक्तानें नव्हे, योसेफानें त्यास आपलें नांव दिलें म्हणून.

स्त्रियांच्या वाटेविषयींही दोन शब्द सांगतों, कारण आडनांवाच्या मागें लागणारा मनुष्य निम्मे पूर्वज विसरतो. पेशींतील तंतुकणिका नांवाच्या सूक्ष्म घटकांत जो डी. एन. ए. असतो, तो मुलगा असो वा मुलगी, केवळ आईकडून मिळतो. जुन्या गोव्यांतील संत ऑगस्तीन यांच्या मठाच्या अवशेषांत सांपडलेलें एक हाड जॉर्जियाच्या राणी केतेवानचें असावें, हें याच डी. एन. ए.वरून हैदराबादच्या केंद्रानें दाखविलें. जी शाखा त्यांत आढळली ती २२,००० हून अधिक भारतीय नमुन्यांत कोठेंच नव्हती, जॉर्जियांतील नमुन्यांत होती. १६२४ मध्यें शिराझ येथें जिचा वध झाला, त्या राणीचा तो अवशेष २०२१ त तिच्या देशास देण्यांत आला. आणि इतक्या दूर तरी कशास जावें? पांचव्या शतकांत वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिनें रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपासून, म्हणजे विद्वानांच्या मतें याच टेकडीवरून, एक दानपत्र दिलें. तें रिद्धपूर येथें सांपडलें. त्यांत तिनें पतीचें नव्हे, तर आपल्या बापाच्या गुप्त घराण्याचें कुळ व 'धारण' हें गोत्र सांगितलें आहे. तिच्या पुत्रांच्या वाय गुणसूत्रांत गुप्तांचा मागमूसही नसणार. तें ताम्रपटानेंच सांगितलें म्हणून आम्हांस ठाऊक झालें.

या सर्वांत व्यवहाराचा प्रश्न विवाहाचा. एकच आडनांव म्हणून चांगलें स्थळ सोडणारीं कुटुंबें असतात, आणि आडनांव निराळें म्हणून निर्धास्त राहणारींही असतात. १९८३ च्या चर्चकायद्याचें १०९१ वें कलम आडनांवाविषयीं अवाक्षरही काढीत नाहीं. तें आडव्या शाखेंत चौथ्या पायरीपर्यंतचें, म्हणजे चुलत, मामे, आते, मावस भावंडांपर्यंतचें, रक्ताचें नातें पाहतें. मामेबहिणीचें आडनांव निराळें असतें, आणि रक्त अगदीं जवळचें. तर गांवांतल्या दुसऱ्या परेरांशीं आपला संबंध कदाचित् मुळींच नसेल. ज्यांस येथें शंका असेल त्यांनीं वाय परीक्षा करूं नये, तिचा या कामीं उपयोग नाहीं. उरलेल्या २२ जोड्यांची परीक्षा करावी. तींत सख्ख्या चुलतभावंडांचा सुमारें आठवा हिस्सा जुळतो. मात्र जे समाज पिढ्यान्पिढ्या आपसांतच लग्नें करीत आले, त्यांत दूरचें नातें जवळचें भासतें, हें ध्यानांत ठेवावें.

परीक्षा करणाराचें रक्त एकट्याचें नसतें, ही गोष्ट धास्ती वाटणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पक्षाची आहे. एका भावानें डबी पाठविली कीं दुसऱ्या भावाचें, बापाचें, आजाचें गुपितही त्या डबींतून जातें. एखाद्या घरीं आईनें दुष्काळांत पदरीं घेतलेलें मूल असतें. त्यास तें ठाऊक नसतें, कोणी सांगितलेलें नसतें. तें कळावें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार दूरच्या पुतण्याचा नव्हे. शिवाय ती माहिती कोणाच्या हातीं राहील याचा नेम नाहीं. ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकन कंपनीकडील सुमारें ६९ लाख लोकांची माहिती २०२३ मध्यें चोरांच्या हातीं गेली, आणि मार्च २०२५ मध्यें त्या कंपनीनें दिवाळखोरीसाठीं न्यायालयांत धांव घेतली. म्हणून डबी पाठविण्यापूर्वीं घरांतील मोठ्यांस विचारावें, आणि काय विचारावयाचें आहे तो प्रश्न एका कागदावर लिहून ठेवावा. "आमचे व अमक्या गांवच्या अमक्यांचे पणजे भाऊ होते काय?" या प्रश्नास उत्तर मिळतें. "आम्ही कोण?" यास मिळत नाहीं.

आणि डबीच्या आधीं वही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ मध्यें ठरविल्यापासून विवाह व बाप्तिस्मा लिहून ठेवणें हें धर्मगुरूंचें कर्तव्य आहे. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं झाला. त्यापूर्वींच्या नोंदी विशाखापट्टणच्या मिशनच्या काळांतल्या. त्या काळचे धर्मगुरु बहुतेक फ्रेंच, नोंद लॅटिनमध्यें, आणि नांव कानाला लागेल तसें लिहिलेलें. म्हणून एकच घराणें दोन तऱ्हांनीं लिहिलेलें आढळलें तर त्यावरून दोन घराणीं समजूं नयेत. पाहावयाचीं तीं तीन ठिकाणें: बापाचें नांव, गांव, आणि धर्मपिता. आडनांव चौथें.

ज्यांच्या घरीं ट्रंकेंत आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला, पलटणीचें पेन्शनपत्र, रेल्वेचा नोकरीचा कागद किंवा गोव्याकडील गांवकरीचा उतारा असेल, त्यांनीं तो महोत्सवाच्या दिवसांत येथें घेऊन यावा. त्याची छबी घेऊन कागद त्याच दिवशीं परत मिळेल. गांवाचें नांव वाचतां येत नसेल तर तसाच आणावा. अक्षर लावणारीं एकदोन वृद्ध माणसें आपल्यांत अजून आहेत.